रोखीचा ट्रॅक्टर

आमच्या घरात एक वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. "ह्या घरानं ट्रॅक्टर रोखीनं घेतलाय." पाहुणे आले, सोयरीक जुळवायला माणसं आली, शेजारच्या वाड्यात बँकेचा माणूस वसुलीला आला, की सासूबाई हे वाक्य बोलणारच. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. कानानं कमी ऐकू येतं, पण हे वाक्य अजून खणखणीत येतं. "रोखीनं. कुणाचं एक रुपाया देणं न्हवतं."

निपाणीजवळ आमचं गाव. ऊस, भुईमूग, सोयाबीन आणि पूर्वी मुख्य पीक तंबाखू. तो रोखीचा ट्रॅक्टर १९७९ सालचा. सतराअठरा वर्षं राबला आणि मग भंगारात गेला. त्याचा पुढचा लोखंडी बंपर मात्र अजून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो विकू दिला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या मुलानं नवा ट्रॅक्टर घ्यायचं काढलं. किंमत नऊ लाखांच्या आसपास. घरात तीन लाख होते. उरलेले सहा लाख कुठून आणायचे, ह्यावर रात्री जेवणं झाली की बैठक बसायची. हे म्हणाले, "कर्ज काढू." मुलगा म्हणाला, "व्याज कशाला भरायचं बाबा? आज्जीच्या वेळी रोखीनं घेतला, तसाच घेऊ." आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्या हातातल्या पाटल्यांवर गेली. वाईट हेतूनं नव्हे. घरातली शिल्लक मोजताना कपाट, पासबुक, कोठारातलं सोयाबीन जसं डोळ्यांसमोर येतं तसंच.

त्याच वेळी आत्ती कोपऱ्यातून म्हणाल्या, "माझं अठ्ठावीस तोळं गेलं त्यात."

खोलीत कुणी काही बोललं नाही. चौतीस वर्षं मी त्या घरात आहे आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

माझं लग्न १९९१ चं. मी आले तेव्हा आत्तींच्या अंगावर मंगळसूत्र आणि काचेच्या चार-चार बांगड्या, एवढंच. पन्नाशीची, चांगल्या घरची, पंचवीस एकरांची मालकीण बाई. मला वाटलं, आत्तींनी परिग्रहाचं परिमाण घेतलं असेल. आपल्याकडं पुष्कळ बायका महाराजांसमोर असा नियम घेतात. मी मनातून त्यांना मानलंही. त्यांनी व्रत घेतलं नव्हतं, ट्रॅक्टर घेतला होता, हे मला गेल्या वर्षी कळलं.

त्या रात्रीपासून मी ह्या रोखी-उधारीचा मागोवा घेत बसले. बी.ए.ला इतिहास होता. तेव्हा तारखा पाठ केल्या, पेपर लिहिले आणि विसरले. आता त्यातल्या पुष्कळ गोष्टी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचल्या.

आपल्या शेतकरी घरांत कर्जाची एवढी धास्ती का, हे आधी पाहायला हवं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या. ते मिळाले की तिथंच होळी. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण शाळेत एका ओळीत शिकलो तेच हे. त्याच्या आधीच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारानं मागेल त्याला पैसा दिला. युद्ध १८६५ ला संपलं, भाव पडले, सारा मात्र वाढलेला. सावकारानं हात आखडला आणि जुनी बाकी व्याजासकट मागितली. जमिनी गेल्या. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

इथं आपण एक गोष्ट लपवू नये. ते सावकार मारवाडी आणि गुजराती होते, आणि त्यांत जैनही होते. दक्षिणेकडचे आम्ही जैन नांगर धरणारे, आणि तिकडचे काही वही धरणारे. एकाच समाजात दोन्ही टोकं. म्हणून कर्जाची गोष्ट निघाली की आम्ही फक्त घेणाऱ्याच्या बाजूनं बोलू शकत नाही. वहीत काय लिहिलं जातं आणि काय लिहिलं जात नाही, हे आपल्या लोकांना इतरांपेक्षा जास्तच ठाऊक असायला हवं.

त्या दंग्यांनंतर सरकारी कर्जासाठीही कायदे झाले. १८८३ चा कायदा जमीन सुधारण्यासाठी, म्हणजे विहीर, बांध वगैरे. १८८४ चा बी-बियाणं, बैल अशा गरजांसाठी. ह्यालाच आपले आजे-पणजे तगाई म्हणायचे. पण तगाई हवी तर अर्ज, पंचनामा, तलाठी, मामलेदार. ज्याला कचेरीची पायरी चढता येई त्याला ती मिळे. बाकीच्यांना सावकार जवळ होता.

मग आलं लोखंड. आपल्या भागाला ह्याचा अभिमान असायला हवा, कारण ही गोष्ट बेळगावातच सुरू झाली. किर्लोस्कर बंधूंचं तिथं सायकलींचं दुकान होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथंच कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोक तो घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले नांगर खपवायला त्यांना फार खटपट करावी लागली. पुढं बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा दिली, पैशाचीही मदत केली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे ज्यांनी आपल्याला नांगर दिला त्यांचाही कारखाना केवळ खिशातल्या रोकडीवर उभा राहिला नाही. कुणीतरी विश्वासानं दिलेल्या पैशावर राहिला.

हा नांगर गावोगाव नेऊन शेतकऱ्यांना पटवणाऱ्यांत एक आपले होते. कुंभोजचे भाऊराव पाटील, म्हणजे कर्मवीर. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. त्याच्या आधी पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. साताऱ्याचा कूपरांचा नांगर-कारखाना उभा राहिला त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. बाहुबलीच्या डोंगरावर जाताना कुंभोजची पाटी दिसते तेव्हा मला आता हायस्कुलं, वसतिगृहं आठवतातच, पण खांद्यावर उपरणं टाकून बांधावर शेतकऱ्याशी वाद घालणारा नांगराचा विक्रेताही आठवतो.

लोखंडी नांगर ओढायला दोन बैलांनी भागत नसे. खोल नांगरट करायची, हरळी मुळासकट काढायची, तर दोन जोड्या, तीन जोड्या लागत. एवढे बैल कुणाच्या दावणीला? म्हणून इर्जिक. आज तुझ्या रानात माझे बैल, परवा माझ्या रानात तुझे. रोख आणि उधार ह्यांच्या मधली ही तिसरी वाट आपल्याकडं जुनीच आहे. तिला व्याज नव्हतं, पण हिशेब चोख होता. ज्यानं एक दिवस घेतला त्यानं एक दिवस द्यायचा. त्या दिवशी जेवण मात्र ज्याचं रान त्याच्या घरी. वीस माणसांची भाकरी थापणारी बाई त्या हिशेबात कुठं मोजली जात नव्हती, एवढंच.

सहकाराची सुरुवातही आपल्या शेजारीच झाली. १९०४ चा कायदा झाला आणि १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. देशातली पहिली शेतकी पतसंस्था म्हणून ती ओळखली जाते. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यातच होता. सावकाराऐवजी आपणच आपल्याला कर्ज द्यायचं, ही कल्पना मोठी होती. पण ती रुजायला वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीनं देशभराची ग्रामीण कर्जाची पाहणी केली. त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. १९५४ साली अहवाल आला. शेतकरी जे कर्ज घेत होता त्यातलं शेकडा ७० च्या आसपास सावकारांचं, आणि सहकारी संस्थांचं जेमतेम ३. बँकांचं तर शेकडा एकसुद्धा नाही. पन्नास वर्षं सहकार चालला, त्याची ही कमाई.

हे आकडे वाचताना मी थांबले. हे सगळे कर्जाचे आकडे. ज्या घरानं कर्ज काढलंच नाही, पेटीतलं दागिन्यांचं गाठोडं काढलं, ते घर ह्या हिशेबात येण्याचं कारणच नाही. ते घर 'रोखीचं'.

भारतात ट्रॅक्टर तयार होऊ लागला १९५९ साली, फरिदाबादला, आयशर कंपनीचा. त्याच्या आधीचे सगळे बाहेरून येत. आमच्या भागात आधी तेलावरची इंजिनं आली, मोटा गेल्या. मग उसाच्या पैशाबरोबर ट्रॅक्टर आले. १९ जुलै १९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारनं चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि त्यानंतर बँका हळूहळू खेड्याकडं आल्या. ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळू लागलं. त्याला जमीन तारण द्यायची, उताऱ्यावर बोजा चढवायचा, ट्रॅक्टरच्या कागदांवर बँकेचं नाव लावायचं. आणि इकडं सीमाभागात आणखी एक अडचण. १ नोव्हेंबर १९५६ नंतर कचेरीचे कागद कानडीत. आमच्या मामांना कानडी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. ज्या कागदावर जमीन गहाण पडते तो कागदच वाचता येत नसेल, तर माणूस कर्जापासून लांब पळणारच. रोखीच्या अभिमानात ही भीतीही मिसळलेली होती, हे आता मला समजतं.

तर १९७९. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून बावन्न हजार. तंबाखू बरी गेली होती, त्याचे अठ्ठावीस हजार होते. कमी पडत होते चोवीस. आत्तींनी मला सगळं एकेक करून सांगितलं. बोटांवर मोजत. चार पाटल्या, आठ तोळे. बिलवर, सहा. पुतळ्यांची माळ, सहा. बोरमाळ, पाच. दंडातल्या वाक्या, तीन. सोनं तेव्हा तोळ्याला नऊशेच्या आसपास होतं. घट धरून सोनारानं चोवीस हजार हातावर ठेवले.

"मामांनी मागितलं होतं?" मी विचारलं.

"न्हाई. मीच काढून दिलं. ते नुसतं बसले होते उंबऱ्यावर. दोन दिवस जेवलं न्हाईत धड. मग मीच म्हटलं, घ्या की. सोनं काय पेटीत पिकतंय व्हय? उसाचं बिल आलं की परत करूया म्हणाले."

"मग?"

"मग काय. पैल्या बिलात विहीर. दुसऱ्या बिलात पाइपलाइन. मग तुझ्या दोन नणंदांची लग्नं, त्यात सोनं केलंच की. माझ्यासाठी न्हाई, त्यांच्यासाठी. मग बिलं संपली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट त्या म्हणाल्या की ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी त्यांनीच ओवाळलं, आणि गावातली दहा माणसं बघायला आली. त्या ट्रॅक्टरनं आमचं घर वर काढलं, हेही खरं. भाड्यानं नांगरट केली, ऊस ओढला, त्याच पैशावर हे शिकले. आत्तींचं सोनं वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे.

त्याच सुमारास, दोन वर्षांनी, माझ्या माहेरी ट्रॅक्टर आला. माहेर सांगली जिल्ह्यातलं. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, बँकेचं कर्ज काढलं होतं. मी बारा वर्षांची होते. ट्रॅक्टरला हार घातला, पेढे वाटले, आणि रात्री आई आण्णांना म्हणाली, "आता नऊ वर्षं झोप न्हाई." खरंच नव्हती. सहामाही हप्ता जवळ आला की घरात आवाज चढायचे. कारखान्याचं बिल लांबलं की आण्णा सायकलवरून तालुक्याला खेपा घालायचे. एकदा हप्ता चुकला आणि नोटीस आली. ती नोटीस आईनं देवघरातल्या जिनवाणीच्या कपाटाखाली सरकवून ठेवली होती, आजोबांना दिसू नये म्हणून. आजोबांना जप्ती हा शब्दसुद्धा सहन व्हायचा नाही. व्याज साडेदहा टक्के. पासबुक अजून भावाकडं आहे. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी आण्णांनी उताऱ्यावरचा बोजा कमी करून आणला आणि आईच्या हातात तो कागद दिला.

आईच्या पाटल्या मात्र आईच्या हातात राहिल्या. पुढं त्यांतल्या दोन मला लग्नात आल्या. मुलाची नजर गेली त्या ह्याच.

आता दोन्ही घरं शेजारी ठेवून बघा. सासरी रोख, माहेरी कर्ज. सासरी अभिमान, माहेरी धास्ती. सगळ्या गावानं सासरचं शहाणपण वाखाणलं असतं. मीही वाखाणत होते. पण मुलाला मी म्हटलं, "तुझ्या फोनवर एक हिशेब कर. १९७९ ला तोळा नऊशे. २०२५ ला लाखाच्या पुढं गेला. सेहेचाळीस वर्षं. दर साल शेकडा किती पडले?"

त्यानं केला. चक्रवाढीनं शेकडा दहा ते अकरा.

म्हणजे माहेरच्या बँकेनं जेवढं व्याज लावलं, जवळजवळ तेवढंच आत्तींच्या सोन्यानं मिळवलं असतं. बिनव्याजी म्हणून जो पैसा घरात वापरला, तो बिनव्याजी नव्हताच. त्याचं व्याज कुणी लिहून ठेवलं नाही, एवढाच फरक. आणि आणखी एक. माहेरचं कर्ज नऊ वर्षांत फिटलं. आत्तींचं कर्ज सेहेचाळीस वर्षं थकलेलं आहे. ना नोटीस, ना हप्ता, ना बोजा. त्या अठ्ठावीस तोळ्यांत आज तसले तीन ट्रॅक्टर येतील.

मी हा हिशेब आत्तींच्या कानाशी बसून मोठ्यानं सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच बँक होते म्हण की."

सोनं नेहमीच वाढतं असं मात्र कुणी समजू नये. १९९६ साली तोळा पाच हजारांच्या पुढं होता, आणि चार-पाच वर्षांनी साडेचार हजारांच्या आत उतरला. त्या काळात ज्यानं सोनं मोडून हप्त्याचं कर्ज टाळलं तो फायद्यातच राहिला असेल. तेव्हा रोख चांगली की कर्ज चांगलं, ह्याचं एकच उत्तर नाही. वर्ष कोणतं, दर काय, पीक कोणतं, बिल वेळेवर येतं का, ह्यावर ते ठरतं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रोख, पण कुणाची?

लक्ष्मीबाई पाटलांची आठवण इथं काढल्याशिवाय राहवत नाही. कर्मवीरांच्या पत्नी. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवण मिळावं म्हणून त्यांनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. हे आज प्रत्येक मुलाला शाळेत सांगतात, आणि सांगायलाच हवं. रयतच्या इतिहासात लक्ष्मीबाईंच्या सोन्याला पान आहे. पण आपल्या गावात जी विहीर, जे इंजिन, जो ट्रॅक्टर, पोराची जी इंजिनिअरिंगची फी बाईच्या सोन्यातून निघाली, तिला कुठं पान आहे? घराच्या इतिहासात ती 'रोखीनं घेतलं' ह्या दोन शब्दांत बुडून जाते.

ह्याबाबत शास्त्र आणि कायदा दोन्ही आपल्या बाजूचे आहेत, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. याज्ञवल्क्य स्मृतीत म्हटलंय की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा संकटात नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तर ते परत करायला तो बांधील नाही. ट्रॅक्टर त्या यादीत नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की स्त्रीधनाची मालकी पूर्णपणे बायकोची. नवऱ्याच्या घरात ते ठेवलं म्हणून ते त्याचं होत नाही. आणि कर्नाटकात १९९४ पासून, देशभर २००५ पासून, मुलीलाही वडिलार्जित मालमत्तेत मुलासारखा वाटा आहे. १९७९ ला आत्तींच्या नावावर ह्या घरात काय होतं? जमीन मामांच्या नावावर, विहीर मामांच्या, ट्रॅक्टर मामांच्या. त्यांच्या नावाचं एकच होतं, पेटीतलं गाठोडं. कर्ज काढलं असतं तर पुरुषाच्या नावावरची जमीन गहाण पडली असती. रोखीनं घेतला म्हणून बाईच्या नावावरचं सोनं गेलं. मग रोख कुणाला स्वस्त पडली?

कर्जाचंही उगाच गुणगान करत नाही. आजकाल ट्रॅक्टर घेताना डीलरच्या टेबलावरच कर्जाचा माणूस बसलेला असतो. आमच्या मुलाला एकानं सांगितलं, "फक्त सात टक्के." मुलगा खूश. मी म्हटलं, "सात टक्के कशावर? घटत्या बाकीवर की पहिल्या रकमेवर?" तो पहिल्या रकमेवर, म्हणजे फ्लॅट दर होता. सहा लाखांवर पाच वर्षं सात टक्के म्हणजे दोन लाख दहा हजार व्याज, तुम्ही मुद्दल कितीही फेडत आणलंत तरी. दुसरीकडं बँक दहा टक्के म्हणत होती, पण घटत्या बाकीवर. तिथं सहामाही हप्ता सत्याहत्तर हजार सातशेचा, आणि पाच वर्षांचं व्याज एक लाख सत्याहत्तर हजार. दहा टक्के सातपेक्षा स्वस्त पडतात, हे ऐकून मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. अगं बायांनो, किराण्याच्या दुकानात आपण अर्धा किलोच्या पुड्यात किती ग्रॅम आहेत ते बघतो. इथंही तेच बघायचं असतं.

आणि सही. कर्जाला घरातल्या सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या लागतात, जामीन म्हणून बायकांच्याही लागतात. "इथं कर गं सही" म्हटलं की आपण ओल्या हातानं सही करून चुलीकडं वळतो. ह्या खेपेला मी कागद घरी आणायला लावले. कानडीतला भाग सुनेनं वाचून दाखवला. ती कानडी शाळेत शिकली आहे. इंग्रजी मुलानं सांगितलं. दोन संध्याकाळी गेल्या. बँकेतला साहेब जरा कंटाळला, पण थांबला.

शेवटी आम्ही असं ठरवलं. घरातले तीन लाख भरायचे, सहा लाखांचं कर्ज, हप्ते ऊसबिलाच्या बेतानं सहामाही. कायद्यानं चौदा दिवसांत यायचं बिल चौदा दिवसांत येत नाही, हे धरून एका हप्त्याएवढी रक्कम आधीच बाजूला ठेवायची. पाटल्या माझ्या हातात. उद्या कुणाच्या आजारपणात, दुष्काळात लागल्या तर मी स्वतः काढून देईन, आत्तींसारखीच. पण त्या आधी वहीत लिहून.

वही नवीन आणली. मुलगा आधी हसला, "आई, घरात कसली वही?" मी म्हटलं, "आपण जैन. वही घरात नाही तर कुठं असणार?"

पहिल्या पानावर मी १९७९ सालचं लिहिलं. चार पाटल्या, आठ तोळे. बिलवर, सहा. पुतळ्यांची माळ, सहा. बोरमाळ, पाच. वाक्या, तीन. एकूण अठ्ठावीस. देणाऱ्याचं नाव आत्तींचं. घेणाऱ्याच्या नावापुढं मी 'घर' असं लिहिलं. ह्यांनी ते खोडून स्वतःचं आणि मुलाचं नाव घातलं. मी काही बोलले नाही. आम्ही अठ्ठावीस तोळे परत करू शकणार नाही, हे तिघांनाही माहीत आहे. दर दिवाळीला एक ग्रॅम का होईना, आत्तींच्या नावानं घ्यायचं ठरलंय. पहिल्या दिवाळीला घेतलं. त्यांनी ते हातात धरून बघितलं आणि सुनेच्या हातावर ठेवलं. ते मात्र मी वहीत त्यांच्याच नावावर लिहिलं.

नवा ट्रॅक्टर आला तेव्हा ओवाळायला आत्तीच पुढं झाल्या. गावातली माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "रोखीनं का वो आक्का?"

आत्ती म्हणाल्या, "न्हाई. कर्जानं. रोखीचा मागच्या खेपेला घेतला होता, माझ्या सोन्यानं."

सेहेचाळीस वर्षांनी ते वाक्य पुरं झालं. तुमच्या घरातही एखादी विहीर, एखादं इंजिन, एखादी गाडी 'रोखीची' असेल. आजी, सासू, आई अजून सांगायला आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि तोळे लिहून घ्या.